वेचणीची वही आणि बालभारती

पहिली ते चौथीच्या मुलांना वाचायला-लिहायला शिकवणे हे शाळेचे काम. मात्र त्याचा पाया शाळेच्या आधी आणि शाळेच्या बाहेर घातला जातो. मुलाच्या कानावरून किती शब्द गेले आहेत, घडलेला प्रसंग त्याला सलग सांगता येतो का, कागदावर लिहिलेले कोणाच्या तरी कामाला येते हे त्याने पाहिले आहे का, यावर पहिलीच्या पुस्तकाचे पुढे काय होणार ते बरेचसे ठरते. यवतमाळ जिल्ह्यात हा घरचा वाटा जरा वेगळ्या तऱ्हेने पाहावा लागतो. सोळा तालुक्यांचा हा कापूस, सोयाबीन आणि तुरीचा जिल्हा. पेरणीपासून वेचणी संपेपर्यंत घरातली मोठी माणसे दिवसभर वावरात असतात. कित्येक घरांत आजी-आजोबांना अक्षरओळख नाही आणि आई-वडिलांची शाळा मध्येच सुटलेली आहे. बोलीही एक नाही. वऱ्हाडी सगळीकडे आहेच. पुसद, दिग्रस, महागाव या बाजूच्या तांड्यांवर बंजारा बोली, झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी भागातल्या पोडांवर, म्हणजे कोलाम वस्त्यांवर, कोलामी, काही गावांत गोंडी, आणि पैनगंगेच्या काठाने तेलुगूही कानावर पडते. अशा घरांना ‘मुलाचा अभ्यास घेत जा’ एवढे सांगून भागत नाही.

घरचा अभ्यास म्हटला की बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसते: मूल पाटावर वही ठेवून एक ओळ दहा वेळा उतरवत असते आणि मोठे माणूस पान भरले की नाही ते पाहते. याने अक्षराला वळण लागते, हे खरे. पण दहाव्या ओळीपर्यंत पहिल्या ओळीचा अर्थ डोक्यातून निघून गेलेला असतो. उतरवणे आणि लिहिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तसेच मोठ्याने अक्षरे उच्चारणे आणि वाचणे याही वेगळ्या.

मूल नेमके कुठवर आले आहे हे पाहण्याची एक सोपी रीत पालकांना उचलता येते. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ या ग्रामीण पाहणीत मुलासमोर एक कागद ठेवतात. त्यावर सुटी अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट असते. मूल यातले काय वाचू शकते ती त्याची पायरी. ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. करोनाकाळात शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ टक्क्यांपर्यंत पोचली. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ मोहिमेचे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीअखेर समजून वाचता यावे, हे आहे. घरी असा कागद तयार करायला मागच्या वर्गाचे पुस्तक पुरते. त्याची परीक्षा मात्र करू नये. पायरी कळली की कोणते काम हाती घ्यायचे ते ठरते, एवढ्यासाठीच तो.

पहिले काम बोलण्याचे, आणि त्याला वाचता येणारा पालक लागतच नाही. वऱ्हाडात याची सोय परंपरेनेच करून ठेवली आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. मुली घरोघर गाणी म्हणतात आणि शेवटी झाकून ठेवलेली खिरापत ओळखायची असते. गोड की तिखट, तळलेली की भाजलेली, वाटीतली की ताटलीतली, अशा प्रश्नांनी हळूहळू जागा आवळत नेत उत्तर गाठायचे. वस्तूचे गुण सांगणे, वर्गवारी करणे, नेमका शब्द शोधणे हे सगळे त्या पाच मिनिटांत होते. हाच खेळ वर्षभर डब्यातल्या भाजीवर, बाजाराच्या पिशवीवर किंवा खिशात दडवलेल्या वस्तूवर खेळता येतो.

पोळ्याच्या झडत्यांची गंमत आणखी वेगळी. तोरणाखाली बैल उभे राहिले की एक जण खणखणीत आवाजात झडती म्हणतो आणि बाकीचे हुंकार देतात. झडतीत यमक हवे, ठेका हवा आणि जमल्यास गावातल्या कुणाची तरी फिरकी हवी. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैल घेऊन निघालेल्या मुलाला स्वतःची दोन ओळींची झडती रचायला सांगितली तर ते यमकासाठी शब्द धुंडाळू लागते. शेवटचा आवाज जुळतो की नाही हे कानाने पारखणे ही वाचनाची फार मोलाची पूर्वतयारी आहे. शब्द आवाजांचे बनलेले असतात हे ज्याच्या कानाला कळले, त्याला ते आवाज अक्षरांत पकडणे सोपे जाते. ‘स’ने सुरू होणाऱ्या शेतातल्या वस्तू सांगणे, शब्दांच्या भेंड्या, ‘कापूस’ शब्दात किती टाळ्या पडतात ते मोजणे, हे खेळ याच जातीचे. वावराकडे जाता-येता होतात, वेगळा वेळ काढावा लागत नाही.

रोजच्या बोलण्यातही थोडा फरक केला तर पुष्कळ साधते. मूल धावत येऊन सांगते, “बैल पडला.” “बरं” म्हटले की विषय संपला. त्याऐवजी आई विचारते, “कोनता? कुठं पडला?” “ढवया. नाल्यात.” “कायले गेलता नाल्यात?” “पानी प्याले गेलता अन् घसरला.” दोन शब्दांचा मजकूर बैलाचे नाव, जागा आणि कारण यांच्यासह पुरा झाला. शेवटी आईने तो एकदा सलग म्हणून दाखवला की मुलाच्या कानावर पूर्ण वाक्य पडते. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच चित्रांच्या पुस्तकांबाबत करून पाहिले होते. पालकांनी पुस्तक नुसते वाचून न दाखवता मोकळे प्रश्न विचारायचे, थांबायचे, मुलाच्या उत्तरात थोडी भर घालून ते परत म्हणायचे. महिनाभरातच या मुलांची बोलण्याची भाषा इतरांच्या पुढे गेलेली दिसली. यातली ‘थांबायचे’ ही बाब मोठ्यांना सर्वांत जड जाते. प्रश्न विचारून उत्तरही आपणच देऊन टाकण्याची सवय घरोघर आहे.

यापुढचा टप्पा अक्षरांचा, आणि इथे घाई फार होते. मराठीत प्रत्येक व्यंजनाची बाराखडी. सगळी मिळून चारशेच्या वर रूपे, त्यावर जोडाक्षरे आणि रफार. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की अशा लिपीतली सगळी अक्षररूपे पक्की व्हायला मुलांना प्राथमिक शाळेची बरीच वर्षे लागतात. तेव्हा पहिलीच्या दिवाळीला ‘अजून बाराखडी येत नाही’ म्हणून डोक्याला हात लावण्याचे कारण नाही. उलट सगळी मुळाक्षरे आधी, मग सगळ्या मात्रा, मग शब्द, असा क्रम धरला तर अर्थाचा पहिला शब्द भेटेपर्यंत मुलाचा उत्साह सरतो. फलटणला १९७८ मध्ये प्रगत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचन शिकवताना मोजकी अक्षरे आणि मात्रा सुरुवातीपासून एकत्र घेऊन लगेच शब्द वाचायला देण्यावर भर दिला. ही पद्धत घरीही चालते. क, प, स, र, ल ही पाच अक्षरे, काना, दुसरी वेलांटी आणि दुसरा उकार एवढ्या सामग्रीत साप, पीक, पूर, काल, सरी, काकू, कापूस, सरकी असे कितीतरी शब्द निघतात, आणि यवतमाळच्या मुलाला यातला एकही समजावून सांगावा लागत नाही. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर अक्षरे लिहिली की झाले. मूल ती जमिनीवर मांडून शब्द जुळवते. सरकी किंवा तुरीचे दाणे मांडून अक्षर गिरवणेही लहानांना आवडते.

गोष्टीचे पुस्तक घरात यायला लागले की ते एकत्र वाचायचे. पालकाला वाचता येत असेल तर रोज दहा मिनिटे वाचून दाखवावे, बोट शब्दाखालून सरकवत. वाचता येत नसेल तर भूमिका उलटते: मूल वाचते, पालक ऐकतो आणि “मग?” विचारतो. ऐकणाऱ्याला खरोखर ठाऊक नसलेली गोष्ट वाचून दाखवताना मूल जास्त नीट वाचते, कारण तिथे त्याच्या वाचनाची खरी गरज असते. अडाणी आई-बापांच्या घरात वाचनाचे वातावरण असूच शकत नाही, हा समज म्हणूनच सोडून द्यायला हवा. सहावी-सातवीतली ताई धाकट्याला वाचून दाखवू लागली तर दोघांचाही फायदा होतो.

पुस्तके आणायची कुठून, हा प्रश्न रास्त आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे, असे म्हटले आहे. ती पुस्तके कपाटात नीट राहावीत म्हणून कुलुपात राहतात, अशी तक्रार जुनी आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शनिवारी पुस्तक घरी, सोमवारी परत, अशी नोंदवही सुरू करण्याचा विषय ती समिती बैठकीत मांडू शकते. पुस्तक फाटले तर काय, यावर उत्तर सरळ आहे: वाचली जाणारी पुस्तके फाटतात, ती चिकटवायची. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’वर पातळीनुसार लावलेल्या मराठी गोष्टी मोबाइलवर मिळतात. विकत घ्यायचे झाले तर माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ मालिका या वयासाठी उत्तम. तिच्यात घरातली साधी माणसे, साधी कामे आहेत आणि चित्रांवर पुष्कळ बोलता येते.

पुस्तक नसलेल्या घरातही वाचायला बरेच काही असते. भिंतीवरचे कालनिर्णय, एसटीची पाटी, विजेचे बिल, रेशनकार्ड, बियाण्याची पिशवी. कपाशीच्या बियाण्याच्या पिशवीवर वाणाचे नाव, वजन, उगवणशक्तीची टक्केवारी, वापरण्याची अंतिम तारीख असे सगळे छापलेले असते. चौथीच्या मुलाला ती तारीख शोधून काढायला सांगणे हा वाचनाचा आणि हिशेबाचा चांगला पाठ आहे. कीटकनाशकाच्या बाबतीत तर वाचनाचे मोल या जिल्ह्याने फार जबर दिले. २०१७ च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेने यवतमाळमध्ये वीसच्या घरात शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावे लागले. कारणे अनेक होती, केवळ अक्षरओळखीचा अभाव म्हणून ते घडले असे नाही. तरी डब्यावरच्या चौकोनातला रंगीत त्रिकोण घरातल्या प्रत्येकाला वाचता यायला हवा: लाल म्हणजे अतितीव्र विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. डब्याला मुलाचा हात लागता कामा नये. त्याचे चित्र कागदावर काढून रंग ओळखायला शिकवता येते, आणि सोबतचे पत्रक वडिलांबरोबर बसून वाचता येते. त्यावरची अक्षरे बारीक आणि भाषा किचकट असते; मोठ्यांनाही ती पुरती लागत नाही, हे मुलाला दिसले तरी बिघडत नाही.

लेखनाला सर्वांत आधी कारण लागते. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी वावरात काटा लागतो, प्रत्येक बाईच्या कापसाचे वजन होते आणि मालक ते वहीत मांडतो: तारीख, नाव, किलो. मजुरी किलोवर असते आणि चुकारा बहुधा बाजाराच्या दिवशी. आईची स्वतंत्र वही मुलाने घरी ठेवली तर लिहिण्याला किती नेमके कारण मिळते! ‘मंगळवार. आई १८ किलो. काकू २१ किलो.’ आठवड्याची बेरीज मालकाच्या वहीशी ताडून पाहायची. तिसरीच्या मुलीने ठेवलेल्या अशा वहीत हळूहळू एखादे वाक्य आपोआप येते: ‘आज दुपारी पाऊस आला, कापूस भिजला, काटा लागला नाही.’ हा निबंधच आहे, फक्त त्याला विषय कुणी दिलेला नाही. बाजाराची यादी, कामाला बाहेरगावी गेलेल्या वडिलांना चार ओळी, आजीच्या झडत्या आणि भुलाबाईची गाणी उतरवून घेणे, ही लेखनाची कामेही त्याच तऱ्हेची आहेत. आजीच्या गाण्यांचे तर दुहेरी आहे, कारण गावोगावचे पाठ वेगळे असतात आणि ते कुठल्याच पुस्तकात सापडत नाहीत.

ज्याला अजून लिहिता येत नाही त्याचे बोलणे मोठ्याने लिहून घ्यावे. मूल सांगेल ते वाक्य त्याच्याच शब्दांत कागदावर उतरवायचे आणि मग त्याच्याकडून वाचून घ्यायचे. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवताना सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर यांनी प्रत्येक मुलाच्या मनातले, त्याला हवे असलेले शब्द चिठ्ठ्यांवर लिहून देऊन वाचन सुरू केले. १९६३ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘टीचर’ या पुस्तकात त्याची हकीकत आहे. आपणच बोललेले वाक्य असल्याने मुलाला ते वाचताना अडखळायला होत नाही.

शुद्धलेखनाचा मुद्दा वऱ्हाडी घरात जरा नाजूक असतो. बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो आणि ‘ण’चा ‘न’. म्हणून मूल ‘शाया’, ‘डोया’, ‘पानी’ लिहिते. ही हयगय नव्हे. त्याने कानाला जे ऐकू आले ते चोख लिहिले आहे, म्हणजे आवाज आणि अक्षर यांचा मेळ त्याला बसला आहे. त्या शब्दावर लाल काट मारण्यापेक्षा शेजारी ‘शाळा’ लिहून “आपण असं बोलतो, पुस्तकात असं लिहितात” एवढे सांगणे पुरे. दुसरीपर्यंत मजकुराकडे पाहावे. तिसरीपासून एका वेळी एक नियम घ्यावा. मराठी शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी किंवा उकार दीर्घ असतो (सरकी, काकू) आणि शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचाही दीर्घ (पीक, पूर, कापूस). थोडे अपवाद सोडले तर या दोन नियमांत रोजच्या लिखाणातल्या कितीतरी चुका आटोक्यात येतात.

कोलाम पोडांवरच्या मुलांची अडचण याहून मोठी आहे. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. दुसरे दोन कातकरी आणि माडिया गोंड. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा, मराठीची बोली नव्हे. एमेनो या भाषावैज्ञानिकाने १९५५ मध्ये तिचे व्याकरण प्रसिद्ध केले. पहिलीत आलेले कोलाम मूल वाचायला शिकते तेव्हाच एक नवी भाषाही शिकत असते. अशा वेळी ‘घरी मराठीच बोला’ हा सल्ला पालकांना दिला जातो आणि तो उलटा पडतो. जी भाषा आई-वडिलांना मोकळेपणी येते तिच्यातच गोष्ट रंगते, प्रश्न सुचतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. शिक्षक मराठी जाणतात, पालक कोलामी जाणतात. दोघांनी मिळून केलेली वही इथे कामाची: मुलाने काढलेले चित्र, खाली देवनागरीत कोलामी वाक्य, त्याखाली मराठी. आजोबांनी सांगितलेली जंगलातल्या झाडांची नावे अशी लिहून ठेवली तर शाळेलाही पुस्तक मिळते. तांड्यावरच्या होळीच्या लेंगी गाण्यांचेही असेच करता येते.

वेळापत्रक हंगामाप्रमाणे ठेवावे. जुलै-ऑगस्टच्या डवरणीत किंवा दिवाळीनंतरच्या वेचणीत तासभर अभ्यासाचा संकल्प टिकत नाही; जेवणानंतरची दहा मिनिटे टिकतात. पुसद, महागाव, उमरखेड भागातून कित्येक कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुले गावी आजीजवळ किंवा शासनाच्या हंगामी वसतिगृहाच्या सोयीवर राहिली तर फोनवर रोज एक परिच्छेद वाचून दाखवता येतो. सोबत गेली तर दोन पुस्तके आणि एक कोरी वही गाठोड्यात असावी. एकट्या आईला हे जड जाते, म्हणून गट उपयोगी पडतात. २०२२ मध्ये राज्यात झालेल्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात वस्तीवस्तीवर माता गट तयार झाले. आठवड्याच्या कृती एकीने समजून घ्यायच्या आणि बाकीच्यांना सांगायच्या. पाच जणींत एकीला जरी नीट वाचता येत असले तरी गटाचे काम चालते. अभियान ओसरल्यावर अनेक गट थंडावतात. अंगणवाडी ताई किंवा गावातली एखादी शिकलेली सून त्यात रस घेणारी असेल तिथे ते चालू राहतात.

एवढे करूनही तिसरीतले मूल अक्षरांशीच झगडत असेल तर आधी डोळे आणि कान तपासावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळा-अंगणवाड्यांत तपासणी करतात. पथक येईल त्या दिवशी मूल शाळेत असेल एवढे पाहिले तरी पुरे. मूल बोलण्यात हुशार, हिशेबात बरे, पण वाचताना ओळी सुटतात, ओळखीचे शब्द रोज नव्याने अडतात असे दिसले तर अध्ययन अक्षमतेची शक्यता लक्षात घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत तिचा समावेश आहे. तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळाले तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यासाठी आधी वर्गशिक्षकांशी बोलावे.